यंत्र चुकलं तर चालतं, सावरता आलं पाहिजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं ऐरोलीतल्या एका दवाखान्यासाठी बोलतं नोंदणी-यंत्र बनवताय. पेशंटने समोर उभं राहून मराठीत सांगायचं, कुणाला दाखवायचंय आणि कधीची वेळ हवी. यंत्राने वेळ द्यायची, चिठ्ठी छापायची. कॉलेजच्या लॅबमध्ये ते झकास चालतं. दवाखान्यात मात्र लोक त्याच्यापुढे दोन वाक्यं बोलतात आणि वळून काउंटरवरच्या मॅडमकडे जातात. आता तुमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो आवाज आणखी माणसासारखा करू, पडद्यावर हसरा चेहरा देऊ. दुसरा म्हणतो चॅटजीपीटीसारखं मोठं भाषा-मॉडेल जोडू, मग सगळं आपोआप नैसर्गिक होईल. कुणाचं बरोबर?

माझ्या मते दोघांचंही नाही. मी महापेच्या एमआयडीसीत वीसेक वर्षं हीच कामं केली. सुरुवात ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणाऱ्या टेलिफोन-यंत्रणांपासून झाली, पुढे बोलते किऑस्क आले. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की दिसली आहे. यंत्र चुकतं याचा लोकांना फारसा राग येत नाही. चुकल्यावर ते सावरत नाही, त्याचा येतो.

चेहऱ्याचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार दम नाही. यंत्राला माणूस समजायला माणसं एका पायावर तयार असतात. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. आईचं नाव काढलं की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’ एवढंच. तरी हा प्रोग्राम महिनोन्‌महिने बनताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! आणि हे सगळं टाइप करून चाललं होतं, ना चेहरा ना आवाज. म्हणजे आपलेपणा वाटायला चेहरा लागतोच असं नाही. उलट चेहऱ्यामुळे अपेक्षा वाढते. जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की आकृती माणसाच्या फार जवळ जाऊन थोडक्यात हुकली, तर बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तुमच्या ओपीडीत आलेला माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्याच्यापुढे पापण्या लववणारी बाहुली कशाला? एक गोल दिवा लावा: ऐकतंय तेव्हा हिरवा, शोधतंय तेव्हा फिरता, बोलतंय तेव्हा निळा. यंत्र आत्ता ऐकतंय की नाही हे कळलं की लोकांचं निम्मं अवघडलेपण जातं.

आता वेळेकडे येऊ. तुमचं यंत्र इथे पहिल्यांदा अडखळतंय.

२००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या, आसपास निघालं. गंमत अशी, की समोर चित्र ठेवून ‘याचं नाव सांगा’ म्हटलं तर तोंडातून शब्द फुटायला माणसाला निदान ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर कसं येतं? कारण समोरच्याचं वाक्य संपायची वाट आपण बघतच नाही. ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून उत्तर आधीच जुळवून ठेवतो. आता तुमच्या यंत्राचा हिशेब मांडा. माणूस गप्प झाला हे ठरवायला ७०० मिलिसेकंद शांतता, बोलणं अक्षरांत उतरवायला ३००, उत्तर तयार व्हायला १०००, आवाज निघायला ३००. झाले २३००. समोरच्याने उत्तराला सव्वादोन सेकंदांहून जास्त वेळ लावला तर आपल्याला काय वाटतं? की याला ऐकू आलं नाही, नाहीतर हा नाही म्हणणार आहे. म्हणून तुमचा पेशंट तेच वाक्य पुन्हा म्हणतो, नेमकं त्याच वेळी यंत्र बोलायला लागतं, आणि दोघांची टक्कर होते.

शांततेची मर्यादा ७०० वरून ३०० वर आणू, असं तुम्हाला सुचेल. आणू नका. ‘मला उद्या… डोळ्यांच्या डॉक्टरांना…’ असं माणूस आठवत आठवत बोलतो, त्याचं वाक्य मध्येच तोडलंत तर तो दुसऱ्यांदा बोलायचाच नाही. इथे मराठीच तुमच्या मदतीला येते. आपलं क्रियापद शेवटी येतं. जे काही अक्षरांत उतरलंय ते ‘डॉक्टरांना’वर थांबलं असेल, तर वाक्य अर्धं आहे, सेकंद-दीड सेकंद खुशाल थांबा. ‘दाखवायचंय’, ‘हवीय’, ‘आहे का’, ‘ना’ ऐकू आलं की २०० मिलिसेकंदांत बोलायला लागा. आम्ही सरसकट मर्यादेच्या जागी हा एवढासा नियम घातला आणि मधेच तोडण्याच्या तक्रारी बऱ्याच ओसरल्या. नियम अर्थात काटेकोर नाही. ‘दाखवायचंय डॉक्टरांना, उद्या’ असं क्रियापदामागून शेपूट लावणारे पुष्कळ भेटतात, आणि घाईत असलेला माणूस तसंच बोलतो. म्हणून यंत्र बोलायला लागल्यावरही त्याचे कान उघडे हवेत.

उरलेला वेळ कसा भरायचा? काउंटरवरच्या मॅडम काय करतात ते ऐका. ‘देसाई डॉक्टर? थांबा हं, बघते.’ या पाच शब्दांत त्यांनी तीन कामं केली. ऐकलं हे सांगितलं, काय ऐकलं ते सांगितलं, आणि पाच सेकंद मिळवले. यंत्रालाही हेच करू द्या. मात्र खोटं ‘अंऽऽ’ घालू नका. २०१८ मध्ये गूगलने ‘ड्युप्लेक्स’ नावाचं फोनवर बोलणारं यंत्र दाखवलं, तेव्हा ते फोनवर असंच अडखळत बोलत होतं आणि पलीकडच्या माणसाला आपण यंत्राशी बोलतोय हे कळत नव्हतं. त्यावर इतकी टीका झाली की यंत्र स्वतःची ओळख करून देईल, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. ‘थांबा हं, बघते’ हे खरं वाक्य आहे. यंत्र खरंच बघत असतं.

‘कृपया प्रतीक्षा करा’ मात्र काढून टाका. दवाखान्यातल्या कुठल्याही मॅडमने कुणाला असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

कानांबद्दल थोडंच सांगतो, पण ते बोलणं ओळखणारं मॉडेल निवडण्याआधी करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. माइक पडद्याच्या वर, तीन फुटांवर असेल आणि तो पुढे आणून एका फुटावर ठेवलात, तर साडेनऊ डेसिबल फुकट मिळतात. एवढा फायदा महिनाभर मॉडेल घासूनही मिळेल याची खात्री नाही. एसीच्या झोताखाली माइक लावू नका (आम्ही लावला होता, पहिले दोन दिवस यंत्राला फक्त वारा ऐकू येत होता). व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचं तोंड कुठे येतं ते मोजा. आणि यंत्राचा स्वतःचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो, तो वजा करणारा प्रतिध्वनी-निवारक नीट बसवा. नाहीतर लोकांनी मध्ये बोललेलं त्याला ऐकू येणार नाही, आणि ओपीडीत लोक मध्येच बोलतात.

आता मुख्य मुद्दा, सावरण्याचा. २०१५ मध्ये बारा भाषांतल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास आला. त्यात दिसलं की साधारण दर दीड मिनिटाला एकदा कुणीतरी कुणाला अडवून विचारतंच: काय म्हणालास? माणसामाणसांतही न समजणं इतकं नेहमीचं आहे. अडवून विचारण्याच्या तऱ्हाही त्यांनी तीन सांगितल्या. पहिली उघडी: ‘काय?’ दुसरी नेमक्या जागेवर बोट ठेवणारी: ‘कुणाला दाखवायचंय?’ तिसरी अंदाज सांगून खात्री करणारी: ‘देसाईंना ना?’ आणि सगळ्या भाषांत माणसं जमेल तेवढी नेमकी तऱ्हा वापरतात. जेवढं ऐकू आलं तेवढं पदरात धरायचं आणि फक्त उरलेलं विचारायचं, असा हा व्यवहार आहे. समोरच्याचे कष्ट त्याने वाचतात.

तुमचं यंत्र काय करतं? तुम्ही पाठवलेल्या नोंदींत दर वेळी एकच वाक्य आहे: ‘माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.’ म्हणजे दहापैकी नऊ शब्द बरोबर ऐकूनही ते सगळं टाकून देतं आणि पेशंटला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावतं. मग पेशंट काय करतो? लहान मुलाला किंवा कमी ऐकू येणाऱ्याला सांगावं तसं मोठ्याने, तोडून तोडून बोलतो. ‘दे… सा… ई… डॉक… टर…’ तुमचं मॉडेल शिकलंय साध्या ओघातल्या बोलण्यावर. हे तोडलेलं बोलणं त्याला आणखीच कळत नाही. दुसरं ‘माफ करा’ आलं की माणूस मॅडमकडे वळलाच. इथेच तुमची माणसं गळतायत. नोंदी चाळून बघा, पहिल्या चुकीनंतर फार थोडे जातात, दुसऱ्या ‘माफ करा’ला रांगच रिकामी होते.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. ओळखलेल्या प्रत्येक शब्दाला यंत्र खात्रीचा आकडा देतं, तो वापरा. डॉक्टरचं नाव पक्कं आणि दिवस कच्चा असेल, तर ‘देसाई डॉक्टर, बरं. कधी?’ दिवसही अर्धवट कळला असेल तर ‘मंगळवारी ना?’ एका शब्दात ‘हो’ किंवा ‘नाही, बुधवारी’ म्हणता आलं पाहिजे. आणि ‘नाही, बुधवारी’ या उत्तरातलं ‘नाही’ ऐकून यंत्राने सगळी नोंद रद्द करता कामा नये. हसू नका, आमच्या यंत्राने तसं केलंय. दोनदा विचारूनही जमलं नाही तर तिसऱ्यांदा तोंडाने विचारूच नका. पडद्यावर चार डॉक्टरांची नावं मोठ्या अक्षरांत दाखवा आणि बोट लावू द्या. तेही नको असेल तर एक बटण हवंच, ज्याने मॅडमना बोलावता येईल आणि आतापर्यंत घेतलेली माहिती त्यांच्या पडद्यावर जाईल. यंत्राने हात टेकले म्हणून माणसाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लागू नये.

यंत्राला एक मर्यादा कायमची असते, तीही सांगतो. १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ल्युसी सुचमन यांनी नव्या कॉपी-यंत्रापुढे लोकांना जोडीने उभं करून त्यांचं चित्रण केलं. माणसं आपापसांत बोलत होती, बोटं दाखवत होती, गोंधळत होती. यंत्राला यातलं काही दिसत नव्हतं. कुठलं बटण दाबलं, कुठलं झाकण उघडलं, एवढ्याच फटीतून ते माणसांकडे बघत होतं. तुमच्या यंत्राची फट थोडी मोठी आहे, इतकंच. पेशंट सोबतच्या बायकोकडे वळून ‘तुझं वय किती लावायचं गं?’ असं विचारतो आणि यंत्र त्यालाच उत्तर समजतं. दवाखान्यात माणूस एकटा क्वचित येतो, म्हणून हे रोज घडणार. आवाज कुठल्या दिशेने आला हे दोन माइकांवरून कळतं. वाक्यात ‘गं’, ‘रे’, ‘तू’ आलं तर ते बोलणं बहुधा यंत्रासाठी नाही, हाही आपल्या भाषेने दिलेला फुकटचा इशारा.

भाषेचं निघालंच आहे तर आणखी थोडं. परभाषेत बनवून मराठीत उतरवलेलं यंत्र इथेच उघडं पडतं.

इंग्रजीत यंत्र स्वतःला ‘आय’ म्हणून मोकळं होतं. मराठीत ‘मी शोधतो’ की ‘मी शोधते’, हे ठरवावं लागतं. आमच्या पहिल्या यंत्राचा आवाज बाईचा होता आणि वाक्यं लिहिली होती माझ्यासारख्या पुरुषाने. ‘मी आपली नोंद करतो’ ऐकून एक काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, हा कोण आत बसलाय?’ एक तर आवाजाला शोभेल तेच रूप शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर ‘मला’ने सुरुवात करा. ‘मला दिसतंय’, ‘मला समजलं नाही’ यांत लिंगाचा प्रश्नच उरत नाही आणि बोलणं सरकारीही वाटत नाही. समोरच्याला ‘तुम्ही’च म्हणा. त्यात मानही राहतो आणि ‘जातोस की जातेस’ची अडचणही टळते. पेशंट बहुतेकदा तिसराच कुणी असतो, आजी किंवा बाळ. तिथे ‘पेशंटचं वय?’ एवढं पुरतं.

‘परवा’ हा शब्द तुमच्या यादीत आहे का? तो मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा आलो होतो’ आणि ‘परवा येतो’ यांत फरक फक्त क्रियापदाचा. म्हणून यंत्राने ‘परवा’ ऐकलं की वार सांगून खात्री करावी: ‘परवा म्हणजे गुरुवारी, बरोबर?’ वेळ सांगताना लोक साडेनऊ, पावणेदहा, सव्वादहा म्हणतात, ‘जेवणानंतर’ म्हणतात, ‘गर्दी नसेल तेव्हा’ही म्हणतात. वयात एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची गल्लत माणसांचीही होते, म्हणून आकडा पडद्यावर मोठा दाखवा: ५९. मोबाईल नंबर मात्र अस्सल मराठी माणूसही ‘नाईन एट डबल टू’ असाच सांगतो. तिथे मराठी आकड्यांचा हट्ट धरू नका. आणि ऐरोली-घणसोलीच्या गावठाणांतून येणाऱ्या आगरी मंडळींचं ‘मना’ म्हणजे ‘मला’, त्यांचा ळ बऱ्याचदा ल होतो. तुमचे नमुन्याचे आवाज कॉलेजातल्या मित्रांचे असतील तर हे त्यात नसणार. गावठाणातल्या चार आज्यांचे आवाज मागून घ्या, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.

आमची सर्वांत जिव्हाळ्याची चूक ठाण्यातल्या एका पतसंस्थेत झाली. एका आजोबांचं काम आटोपलं, ते निघाले आणि सवयीने यंत्राला म्हणाले, ‘येतो हं.’ यंत्राने विचारलं, ‘कोणत्या तारखेला येणार?’ आजोबा परत वळले, खिशातून छोटी डायरी काढली आणि खरोखर तारीख शोधायला लागले. आम्ही मागे उभे राहून हसत होतो. मग लक्षात आलं, हा माणूस यंत्राचा मान राखतोय. त्या दिवशी ‘येतो’, ‘चला’, ‘बरंय मग’ यांची उत्तरं लिहायला बसलो: ‘या.’ एवढंच.

मोठ्या भाषा-मॉडेलबद्दल बोललो नाही असं वाटू नये. ते जरूर जोडा. वाकडंतिकडं वाक्य, ‘मना’, क्रियापदामागचं शेपूट, हे सगळं ते जुन्या नियमांपेक्षा कितीतरी चांगलं समजून घेतं. पण वेळ द्यायचं काम त्याच्याकडे सोपवू नका. नसलेली वेळ असल्याच्या थाटात सांगायची त्याला खोड आहे, आणि नेमकं तेच वाक्य सर्वांत नैसर्गिक वाटतं. वेळ नोंदवहीतूनच यावी, मॉडेलने फक्त ऐकावं आणि वाक्य जुळवावं. शिवाय त्याचा एक सेकंद वरच्या २३०० च्या हिशेबात मोडतो हे विसरू नका.

‘आपल्याला काय त्रास होतोय?’ हा तुमच्या यंत्राचा तिसरा प्रश्न मी कधीच तोंडी विचारला नसता. मागे दहा माणसं उभी असताना ‘मूळव्याध’ कोण मोठ्याने म्हणेल? तिथे पेशंट गप्प होतो, यंत्राला वाटतं ऐकू आलं नाही, आणि ते मोठ्याने पुन्हा विचारतं. मॅडम अशा वेळी आवाज उतरवतात किंवा ‘सर्जनकडे ना?’ एवढंच म्हणतात. तुम्ही पडद्यावर विभाग दाखवा, बोट लावू द्या. आवाज जपून ठेवणार असाल तर आधी परवानगी घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचून ठेवा.

आता लगेच काय करायचं ते सांगतो. कोडला आठवडाभर हात लावू नका. चौघांपैकी एकाने आतल्या खोलीत बसून यंत्राच्या जागी स्वतः उत्तरं टाइप करायची, यंत्राने ती फक्त बोलायची. ही युक्ती जुनी आहे, १९८० च्या दशकात जॉन केली यांनी ती ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या नावाने रूढ केली. आपण तिला कळसूत्री म्हणू. दवाखान्याला आधी सांगा, आणि लोकांना काम झाल्यावर सांगा की आत माणूस होता. दोन दिवसांत कळेल, पेशंट कुठे थांबतात, कुठे हसतात, कुठे वळतात, आणि तुमचा मित्र टाइप करताना आपसूक कोणते प्रश्न विचारतो. तेच तुमच्या यंत्राचे प्रश्न.

पण त्याआधी एक अख्खी सकाळ काउंटरच्या आतल्या बाजूला मॅडमशेजारी बसा. त्या ‘काय?’ कधी म्हणतात, ‘मंगळवारी ना?’ कधी म्हणतात, आणि न विचारताच कधी समजून घेतात, ते लिहून काढा. रेकॉर्डर नको, वही न्या. सोमवारी जा, त्या दिवशी गर्दी असते. आणि त्यांना विचारा, यंत्रापासून वळून आलेला माणूस त्यांना पहिलं वाक्य काय बोलतो. माझ्या अंदाजाने तो ‘ते मशीन बिघडलंय’ असं म्हणत नसणार. ‘ते ऐकतच नाही’ म्हणत असणार. तसं असेल तर मला कळवा, मग पुढचं बोलू.